सरूबाईच्या झाडाचा खुंट

टाकळी, ता. जि. औरंगाबाद
२५ नोव्हेंबर २०१२

चि. श्रेया हिस बद्रीनाथ आजोबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आधी घरचं विचारतो, मग झाडांचं. पारूचे, म्हणजे तुझ्या आजीचे गुडघे काय म्हणतात? थंडी पडली की माझी ही बहीण लासूरला कण्हत बसते आणि कुणाला सांगत नाही. तू दरडावून विचार. तुझ्या बापाची, काकासाहेबांची साखर उतरली का? आडतीच्या गादीवर बसलं की त्याला चहा सुटत नाही, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता पोथी वाचता येते का? आणि तू? नागपुरात पोटभर जेवतेस की नुसती काचेच्या नळ्या बघत बसतेस?

आमच्याकडं ठीक. सोमनाथ चिकलठाण्याच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. तो आणि सूनबाई उस्मानपुऱ्यात फ्लॅटवर राहतात, रविवारी इकडं चक्कर मारतात. मी मळ्यातच. फोन करा म्हणतेस, पण बाई, फोनवर तुझा आवाज माझ्या कानाला डब्यात माशी कोंडल्यासारखा येतो. पत्रच बरं. पत्र दुसऱ्यांदा ऐकता येतं.

तू लिहिलंस की लिंबू, जंबेरी, मोसंबी ह्यांच्यात आतून किती वेगळेपण आहे ते पानातल्या डीएनएच्या खुणा बघून शोधतेस, आणि आपल्या भागातल्या जुन्या बागांची पानं तुला हवीत. लई आनंद झाला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. बागेचं जे काही कळतं ते रेडिओवरनं, मेळाव्यात वाटलेल्या पुस्तकांवरनं आणि चुका करून. पण आपल्या घरातली पोर झाडाच्या पोटात काय लिहिलंय ते वाचते, हे मी करमाडच्या बाजारात चारचौघांना सांगून आलो.

आता खरं सांगतो. बाग जात चालली आहे. विहिरीच्या तळाच्या खडकावर चप्पल घालून उभं राहता येतं. टँकर येतो तो माणसांना पुरत नाही. मोसंबीची पानं द्रोणासारखी वळली, फांद्या शेंड्याकडनं वाळत निघाल्या. सोमनाथ म्हणतो, "बाबा, शहर आता आपल्या बांधाला टेकलंय. बाग तर वाळलीच. प्लॉटिंगवाल्यांना व्हय म्हणू." त्याचं चुकत नाही. त्याच्या हातात झाडं नाहीत, मशीन आहे.

पण विहिरीजवळचं एक झाड अजून हिरवं आहे. तुझ्या सरूआजीनं लावलेलं. बाकीच्यांची पानं दुपारी मिटतात, ह्याची मिटत नाहीत. प्लॉटिंगवाले बगिच्याला थोडी जागा सोडतात म्हणे. ह्या झाडात खरंच काही वेगळं निघालं तर मी सोमनाथला सांगेन की एवढं एक त्या जागेत राहू दे. नुसतं "तुझ्या आईचं आहे" म्हणून मला सांगायचं नाही. तो मान खाली घालून ऐकेल, पण त्याच्या मनाला ते ओझं होईल. तुझ्या यंत्राचं बोलणं निराळं.

सोबत पानं पाठवतो. प्रवासात कीड लागू नये म्हणून हळद चोळली आहे आणि मधे कडुनिंबाचा पाला घातला आहे.

तुझा,
बद्रीआजोबा

*

नागपूर
१४ डिसेंबर २०१२

ती. बद्रीआजोबांस साष्टांग नमस्कार.

पार्सल उघडलं आणि सगळी प्रयोगशाळा खमंग झाली! आमचे सर म्हणाले, "श्रेया, हे तपासायचं आहे की फोडणीला घालायचं?" आजोबा, रागावू नका, पण हळदीनं पानं गेली. पान कुटून त्यातून डीएनए वेगळा काढावा लागतो, त्यात हळद मिसळली की पुढचं काही चालत नाही. शिवाय ती वाटेत घामेजून काळी पडली होती. पुन्हा पाठवाल का? सोबत एका पिशवीत निळे दाणे आहेत, नव्या बुटाच्या खोक्यात असतात तसले. कोवळी पानं तोडायची, धुवायची नाहीत, पुसायचीसुद्धा नाहीत, ह्या दाण्यांत घालून पिशवी घट्ट बंद करायची. दाणे पानातलं पाणी ओढून घेतात आणि पान जसंच्या तसं राहतं.

आजीचे गुडघे दुखतात, पण तिला आता धाप लागते तेच जास्त वाटतं. बाबांनी चहा सोडलेला नाही, कप लहान केलाय. आई पोथी वाचते. मी जेवते.

सरूआजीच्या झाडाबद्दल नीट लिहा. कलम कुठून आणलं, कुणी बांधलं, निगा कशी ठेवता. सरांना मी सांगितलंय की टाकळीला एक झाड दुष्काळात हिरवं आहे. ते म्हणाले, "असं प्रत्येक गावात एक असतं." मला तरी ते तुमच्याच गावात असावंसं वाटतं.

आपली,
श्रेया

*

टाकळी
१७ जानेवारी २०१३

चि. श्रेया हिस आशीर्वाद.

हळदीचं ऐकून हसलो आणि मग वाईट वाटलं. आपण जपायला जातो आणि नेमकं तेच नासतं. ह्या खेपेला पानं पुसलीसुद्धा नाहीत. धुळीसकट पाठवली आहेत. सरूच्या झाडाची पिशवी वेगळी, वर तिचं नाव आहे.

पारूला धाप लागते हे तिनं मला कळवलं नाही. तिला म्हणावं, भाऊ रागावलाय.

आता झाडाचं. तुला माहीत असेल, तरी माझ्या रीतीनं सांगतो. मोसंबी बियापासून लावत नाही. खाली जंबेरीचं रोप, तो खुंट. त्यावर मोसंबीचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, सालीत चीर देऊन भरायचा. खालचं मूळ एकाचं, वरचं फळ दुसऱ्याचं. जंबेरीचं बी गादीवाफ्यावर टाकलं की रोपं वीतभर झाल्यावर निवड करायला बसायचं. एकसारखी ठेवायची. जे उंचीला, पानाला, रंगाला वेगळं ते उपटून बांधावर. मला बापानं असंच शिकवलं आणि मी पुढं गावाला. खुंट एकसारखा तर बाग एकसारखी.

लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मी असा निवड करत बसलो होतो. सरू भाकरी घेऊन आली, बांधावर उपटून टाकलेलं एक रोप तिनं उचललं.

"ह्याला काहून टाकलं?"

"पान बघ की. निमुळतं. बाकीच्यांसारखं नाय."

"येगळं हाय म्हून काय जीव नाय व्हय त्याला?"

मी म्हणालो, "लई कळवळा आला आसंल तर तूच पाळ." तिनं खरंच पदरात घेतलं आणि विहिरीजवळ नेऊन लावलं. पुढल्या वर्षी म्हणाली, "ह्याला डोळा मी भरणार." तिला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं. त्यात ती डावखुरी आणि कंबरेनं अधू, वाकता येत नसे. म्हणून आम्ही सगळे वीतभर उंचीवर भरतो तो डोळा तिनं गुडघ्याएवढ्या उंचीवर भरला आणि जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली. कडूबाई म्हणून शेजारीण होती, तिनं गावभर केलं, "सरूनं झाडाला लुगडं नेसवलंया, तेबी गुडघ्यावर!" डोळा धरला. सरूनं आयुष्यात भरलेला तो एकच डोळा. ती गेली तेव्हा झाडाला मोसंब्या लागलेल्या होत्या, उतरवायला मला जमलं नाही, पाखरांनी खाल्ल्या.

निगा विचारलीस. भांडी विसळलेलं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं तिकडंच. बुडाशी उसाचं पाचट अंथरलंय. आणि रोजचं एक काम आहे. झाडाला ताण पडला की खालचा खुंट फुटवे टाकतो. यंदा सरूच्या झाडाच्या बुडाशी लई फुटवे येतायत, निमुळत्या पानाचे, काटेरी, बघावं तेव्हा तरारलेले. सकाळी चहाच्या आधी मी अंगठ्यानं सगळे पुसून काढतो. एक ठेवत नाही. खुंटाचा फुटवा म्हणजे वरच्या मोसंबीच्या तोंडचा घास. बुड कसं लख्ख ठेवलंय ते येशील तेव्हा बघशील.

सोमनाथनं प्लॉटिंगवाल्यांना होकार दिला आहे. उन्हाळ्यात मोजणी. पण त्यानं बगिच्याच्या जागेचं विचारून ठेवलंय, मी न सांगता. पोरगं बोलत नाही एवढंच.

तुझ्या पत्राची वाट बघतो.

बद्रीआजोबा

*

नागपूर
२२ मार्च २०१३

ती. बद्रीआजोबांस साष्टांग नमस्कार.

उशीर झाला. पानं ह्या वेळी उत्तम आली. सगळं दोनदा करून पाहिलं, म्हणून वेळ गेला.

आधी हे कसं कळतं ते सांगते. डीएनए म्हणजे फार लांब दोरा समजा. त्यात काही ठिकाणी तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, कुणात जास्त वेळा, कुणात कमी. आम्ही त्या ठरावीक जागा निवडून त्यांच्या भरपूर नकला काढतो आणि त्या एका जेलीसारख्या वडीतून विजेच्या जोरावर पळवतो. लहान तुकडा लांब पळतो, मोठा मागे राहतो. मग निळ्या उजेडात पट्टे दिसतात. दोन झाडांचे पट्टे जुळले नाहीत तर झाडं वेगळी.

आजोबा, तुमच्या बागेतल्या सगळ्या मोसंब्यांचे पट्टे एकसारखे आले. सरूआजीच्या झाडाचेही तेच. जालन्याकडून आणि पैठणकडून आलेल्या मोसंब्यांचेही तेच. तसं पाहिलं तर हे बरोबरच आहे. डोळ्यावर डोळा भरत आलेलं ते एकच झाड आहे, शेकडो गावांत उभं असलेलं. मी वापरलेल्या खुणांना सरूआजीच्या झाडात काही वेगळं दिसलं नाही. मला दिसावंसं फार वाटत होतं.

आजीला मागच्या आठवड्यात दवाखान्यात ठेवलं होतं. आता घरी आहे. मी दोन दिवस जाऊन आले.

आपली,
श्रेया

*

टाकळी
३ एप्रिल २०१३

चि. श्रेया हिस आशीर्वाद.

पारूला भेटून आलो. माझा हात धरून बसली होती, म्हणाली, "भावड्या, तुझ्या बोटाला अजून मोसंबीचा वास येतो." बागेत आता वास येण्यासारखं काही उरलं नाही, पण मी हो म्हणालो.

तुझं पत्र वाचलं. सरळ लिहिलंस, बरं केलंस. सगळ्या मोसंब्या एकच. मग सरूचं झाड हिरवं का राहिलं ह्याचा विचार केला. भांड्याचं पाणी मी रोज तिथंच ओतत होतो, दुसरं काय. माणूस आपणच ओंजळ ओततो आणि मग नवल करत बसतो.

रविवारी सोमनाथ आला. "बाबा, नागपूरचं पत्र आलं का?"

"आलं."

"मग?"

"मग काय. काढू दे."

त्यानं चपलेनं माती उकरली. म्हणाला, "ठेवायचं आसंल तर मी बोलतो त्यांच्याशी. बगिच्याच्या जागेत बसतंय ते. मी बोललोय आधीच."

मी म्हणालो, "नको रे. एका झाडापायी लोकांपुढं तोंड वेंगाडायचं, आणि त्यात वेगळं असं काही नाही. श्रेयानं दोनदा बघितलंय."

आता तिथं पाणी घालत नाही. प्यायला ठेवतो. मशीन येईल तेव्हा मी इथं नसावं असं सोमनाथला वाटतं, म्हणून उद्यापरवा उस्मानपुऱ्याला जातोय. पत्र तिकडंच टाक.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या हातानं खरं तेच निघालं.

बद्रीआजोबा

*

नागपूर
१६ एप्रिल २०१३

ती. बद्रीआजोबांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि जानेवारीतलं जुनं पत्र पुन्हा काढलं. ते मी तेव्हा घाईत वाचलं होतं. पान कुठून आलं एवढंच त्यात शोधत होते. काल ते सावकाश वाचलं आणि लगेच सोमनाथकाकांना फोन केला. ते म्हणाले, मशीन गेल्या सोमवारीच येऊन गेलं. मग म्हणाले, "काय झालं गं? काही निघालं का?" मी म्हणाले, "नाही, सहजच." तुम्हालाही हे न सांगावं असा विचार केला. रात्रभर तोच केला. पण तुम्ही मला लिहिलंत की मी सरळ लिहिते, म्हणून लिहिते.

मी तपासलं ते वरचं झाड होतं, मोसंबी. ती एकच असणार हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. वेगळं असलंच तर खाली होतं. खुंट.

जंबेरीच्या एका बीतून बहुधा दोन-तीन अंकुर येतात, आणि त्यातले बहुतेक नुसत्या आईच्या नकला असतात. म्हणून तर वाफ्यातली रोपं एकसारखी दिसतात. पण क्वचित एखादं रोप आई आणि बाप दोघांचं मिळून झालेलं असतं. खरं अपत्य. ते वेगळं दिसतं. बहुतेक वेळा ते खुरटं निघतं, म्हणून उपटतात आणि ते योग्यच आहे. पण एखादं तसं नसतं. सरूआजीनं बांधावरून उचललं ते तसलं असावं. मुळं त्याची होती. उन्हाळा ती मुळं सोसत होती, असं असू शकतं. मी खुंटाची साल मागायला हवी होती. मागितली नाही. "वेगळं दिसलं नाही" असं लिहिलं आणि कुठे पाहिलं नाही ते लिहिलं नाही.

कदाचित मी म्हणते तसं काहीच नसेल. पण झाडाचं बुड कुठे पडलेलं असेल तर डोळ्याच्या खालची थोडी साल, आतला ओला पापुद्रा, पाठवता येईल का? निळे दाणे सोबत आहेत.

आपली,
श्रेया

*

उस्मानपुरा, औरंगाबाद
५ मे २०१३

चि. श्रेया हिस आशीर्वाद.

तुझं पत्र सूनबाईनं वाचून दाखवलं. मधेच थांबली आणि म्हणाली, "बाबा, पाणी देऊ का?" मी म्हणालो, तू वाच.

दुसऱ्या दिवशी सोमनाथ कामावर गेला नाही. मला गाडीवर मागं बसवून टाकळीला घेऊन गेला. बाग नव्हती, रांगोळीसारख्या चुन्याच्या रेघा होत्या. झाडं कुठं टाकली विचारलं तर कळलं, अप्पारावाच्या वीटभट्टीवर. तिकडं गेलो. ढीग लागलेला, अर्धा भट्टीत गेलेला. अप्पाराव म्हणाला, "बद्रीआबा, काय हुडकताय? सगळी लाकडं सारखीच की."

सोमनाथनं बाह्या वर केल्या आणि एक एक बुंधा ओढून काढायला लागला. मी बसून बघत होतो. सगळ्या बुंध्यांचा जोड बुडालगत. मग एक निघाला त्याचा जोड वर होता. गुडघ्याएवढा. सोमनाथ म्हणाला, "आईचं?" मी मान हलवली. त्याला हे ठाऊक होतं हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणी त्या जोडावर पाय ठेवून तो झाडावर चढायचा, आता आठवलं.

साल वाळली होती. जोडाच्या खाली नखानं खरवडत गेलो, एका बाजूला आत जरासा ओलावा लागला. तेवढी पाठवतो आहे. डोळ्याच्या खालचीच आहे, खात्री बाळग.

तू पत्रात सगळं लिहिलंस, फक्त फुटव्यांचं लिहिलं नाहीस. मला कळलं का लिहिलं नाहीस ते. ते निमुळत्या पानाचे फुटवे म्हणजे तोच खुंट होता. एक काडी ठेवली असती तरी ती मातीत खोचता आली असती. रोज सकाळी तो जीव खालून हात वर करत होता आणि मी रोज त्याला पुसत होतो, लख्ख. अख्ख्या जन्माची सवय, बाई. अंगठा विचारत नाही.

तुझ्यावर राग नाही. तू वर बघितलंस, मी खाली बघूनही बघितलं नाही.

पारूला फोनवर मोठ्यानं ओरडून तब्येत विचारली. ती म्हणाली, ओरडू नको, मी बहिरी नाही, तू आहेस.

बद्रीआजोबा

*

नागपूर
२९ जुलै २०१३

ती. बद्रीआजोबांस साष्टांग नमस्कार.

तिकडे पाऊस चांगला झाल्याचं बाबांनी सांगितलं. ह्या वर्षी चांगला झाला हे ऐकून मी नीट हसू शकले नाही.

सालीतला डीएनए बराच तुटलेला होता. काही खुणा उमटल्याच नाहीत. पण ज्या उमटल्या त्या स्पष्ट आहेत. तो खुंट माझ्याकडे आलेल्या एकाही जंबेरीसारखा नाही. निम्मे पट्टे जंबेरीचे आहेत, आणि उरलेले कुणाचे ते मला अजून लावता आलं नाही. मोसंबीचे नाहीत. कुणातरी दुसऱ्याच लिंबाचा परागकण कधीतरी टाकळीला येऊन गेला.

दुष्काळ त्यानंच सोसला की तुमच्या भांड्याच्या पाण्यानं, हे मी सांगू शकत नाही. ते पाहायला जिवंत रोप लागतं. वाळलेली साल ओळख सांगते, रोप देत नाही. आणि तसलं दुसरं मिळेल असंही म्हणवत नाही. नकला पुन्हा पुन्हा होतात. दोघांचं मिळून झालेलं असं, ते एकदाच होतं.

माझ्या तक्त्यात सगळ्या नमुन्यांना आकडे आहेत. ह्याला मी 'सरूबाई' लिहिलंय. सरांनी खोडलं नाही.

आजीला फार बरं नाही. जमलं तर येऊन जा.

आपली,
श्रेया

*

उस्मानपुरा
१५ डिसेंबर २०१३

चि. श्रेया हिस बद्रीआजोबाचे आशीर्वाद.

काकासाहेबांची तब्येत कशी आहे? आई बापड्या एकट्या पडल्या असतील. तुला झोप लागते का? पारूचं विचारायला पेन टेकवलं आणि थांबलो. पत्राची सुरुवात तिच्या गुडघ्यांनी करायची सवय आहे, ती मोडायला वेळ लागेल. दहाव्याला लासूरला आपण भेटलो, पण गर्दीत बोलता आलं नाही. नदीवर तू माझा दंड धरून होतीस, तेवढं पुरलं.

जुलैच्या पत्राचं उत्तर आता देतो. मधे काही सुचत नव्हतं. टाकळीला एकदा जाऊन आलो. विहीर बुजवली आहे. झाड होतं तिथं कुणाचा तरी पाया खणला होता, पावसाचं पाणी भरून तळं झालं होतं. गवंड्याला म्हणालो, इथं एखादा काटेरी फुटवा दिसला का? तो म्हणाला, "चाचा, यहाँ तो बस पानीच पानी है." पाणी. ज्याच्यासाठी सगळं गेलं ते. काठावर जरा बसलो आणि परत आलो.

येताना करमाडच्या बाजारातून पिकलेल्या जंबेऱ्या आणल्या. बी काढून सोमनाथच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत टाकलं. रोपं आली. आता वीतभर झाली आणि निवडीची वेळ झाली. डब्यापुढं बसलो आणि वेगळं पान दिसलं की अंगठा आपोआप पुढं. मग अंगठ्याला चिंधी गुंडाळली. सूनबाई घाबरली, "बाबा, लागलं का?" मी म्हणालो, "नाही, लागू नये म्हणून."

एकसारखी रोपं सगळी बिल्डिंगमधे वाटून टाकली. वेगळी तेवढी ठेवली. एक बुटकं आहे, एकाची पालवी तांबूस आहे, एकाचं पान निमुळतं आहे पण ते तितकं निमुळतं नाही. खालच्या मजल्यावरचे आप्पासाहेब जिन्यात अडवून म्हणाले, "काय बद्रीनाथराव, चांगलं वाटून टाकलं अन् कचरा घरात ठेवला? म्हातारपणी उलटी बागायती!" म्हणालो, व्हय, उलटीच. सोमनाथ रात्रपाळीहून आला की दात घासायच्या आधी डब्यांना पाणी घालतो. त्यानं हे मला सांगितलेलं नाही, मीही त्याला पाहिल्याचं सांगितलेलं नाही.

ह्यातलं एकही सरूचं नाही हे मला माहीत आहे. तू एकदा लिहिलंस तेव्हाच पटलं. तसलं दुसरं होत नाही. मोसंबी परत आणता येईल, तुझ्या हिशोबानं तीच मोसंबी, कुणाच्याही बागेतून डोळा आणला तरी. पण ते बांधावरचं रोप, आणि पदर पुढं करून "जीव नाय व्हय त्याला?" म्हणणारी, ही दोन्ही एकेकदाच झाली. मी दोन्हींच्या वेळी तिथंच होतो, समोर उभा.

पानं पाठवली आहेत. निळ्या दाण्यांत, न पुसता, हळद नाही.

पत्र लवकर लिही. डबे लहान आहेत आणि मुळं तळाला लागली आहेत, रोपं मोठ्या कुंड्यांत हलवावी लागतील. ती मी हलवणारच आहे, तुझ्या पत्रात काही वेगळं निघालं तरी आणि नाही निघालं तरी. ते ह्या खेपेला यंत्रावर ठेवलेलं नाही. पण तू लिही. उशीर करू नकोस, बाई.

तुझा,
बद्रीआजोबा